लाल झूल

अकोला, ६ जुलै २०२५

कौशल्यामावशी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही एकदमच. पत्र तनवीरच्या अकोला-दर्यापूर जीपमधून पाठवते आहे. फोन करून काही उपयोग नाही. तुमच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही आणि उजव्या कानाशी सदा पोरांचा गलका. मी काहीही सांगितलं की तुम्ही 'हो बेटी, हो' म्हणून फोन ठेवून देता. कागदाला उत्तर द्यावं लागतं.

तर काम असं आहे. तुमच्या अंगणवाडीत हिवाळ्यापासून पोरं कमी होत चालली आहेत. का, ते शोधायचं काम आमच्या विभागाकडे आलं आणि गाइड मॅडमनी ते माझ्या पीएच.डी.ला जोडून दिलं. त्यांनी आयांसाठी लांबलचक प्रश्नावली केली आहे. मी विचारलं, ''आणि पोरांना कोण विचारणार?'' सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, ''चार वर्षांचं मूल चंद्र खिशात आहे म्हणूनही सांगेल. ते काय पुरावा म्हणून लावणार आहेस?'' मी म्हटलं, खिशात चंद्र आहे म्हणालं तर खिसा तरी बघावा की नाही? दिवाळीपर्यंतची मुदत भांडून मिळवली आहे.

पोरांना सरळ विचारलं तर ती आपल्याला आवडेल तेच सांगतात. म्हणून विचारायचं नाही, खेळायचं. पोरांचा लाकडी बैलांचा सण, तान्हा पोळा, येतोच आहे. आमच्या अब्बांच्या दुकानात लाकडी बैल रंगून वाळताहेत. प्रत्येक पोराला एक बैल द्यायचा. बैलाला अंगणवाडीत कुठे जावंसं वाटतं, कुठे नको वाटतं, हे पोरांनीच एकमेकांच्या बैलांना विचारायचं. आपण फक्त बघायचं. नियम एकच: पोराने 'नाही' म्हटलं की खेळ तिथेच थांबवायचा. तुम्ही कराल ना?

तुमची,
फरजाना

*

दर्यापूर, ११ जुलै

फरजाना बेटी,

तुझं पत्र वाचून मी आणि पार्बताबाई पोट धरून हसलो. (पार्बताबाई म्हणजे आमची नवी मदतनीस, तुला माहीत नाही. तिच्या हातची खिचडी खाशील तर अकोला विसरशील.) ज्या पोराला चड्डीची नाडी बांधता येत नाही, त्याला विचारून तू डॉक्टर होणार! तुझं नाक मी याच पदराने पुसलं आहे. तेव्हा तुला काय वाटत होतं हे मी विचारलं नाही म्हणून तुझं काही अडलं का?

पोरं का येत नाहीत ते मी इथे बसल्या जागी सांगते. आयांना पर्वा नाही. सुपरवायझरबाईंनी तेच लिहून नेलं आहे. आमच्याकडून काही कमी नाही. आमच्या लाल पट्टीचं तुला कळलं असेलच. वजनाच्या तक्त्यात जी पोरं लाल रंगात निघतात, ती इतरांच्या गर्दीत उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना मी खिडकीखाली लाल कापडाच्या पट्टीवर वेगळं बसवते. पहिलं ताट त्यांचं, वरून शेंगदाण्याचा लाडूही त्यांनाच. कल्पना माझी, कापडही माझ्याच घरचं. एक मे रोजी त्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, पेपरात फोटो आला. दिवाळीनंतर तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांत लाल पट्टी येणार आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी हार घातला असेल तर तो एवढाच.

मी तुला नाहीच म्हणणार होते. पण काल रऊफमिस्त्री बैलांची पाटी स्वतः डोक्यावर घेऊन दारात उभे. मी म्हटलं, ''मिस्त्री, हे काय खूळ आहे तुमच्या पोरीचं?'' तर म्हणतात, ''ताई, मी फकस्त बैल बनोतो. बोलाचं काम पोराईचं हाये.'' बाप तसा, लेक तशी. खेळू एकदा.

कौशल्यामावशी

*

दर्यापूर, ४ ऑगस्ट

फरजाना बेटी,

तुझा खेळ झाला, आणि खरं सांगते, मजा आली. ऐक.

हसनैनच्या बैलाचं नाव बुलेट. खुशीचा बैल शेरू. शिवमने बैलाचं नाव ट्रॅक्टर ठेवलं आहे, आता याला काय म्हणावं? बैल हापशीवर पाणी प्यायला गेले. खिचडीच्या पातेल्याभोवती पाच वेळा फिरले, पार्बताबाईच्या पायात आले, तिने शिव्या घातल्या. मग अंगणात आले आणि बघते तर काय, अंगणवाडीच्या उंबऱ्यापाशी सगळे ओळीने उभे. एकही आत जाईना. मी म्हटलं, ''चला न रे आत.'' पोरं म्हणाली, ''बैल नाई जात, बाई.'' तुला कळलं का? पोरांनी पोळा भरवला होता! पोळ्यात तोरणाखाली बैल असेच ओळीने थांबतात, तोरण तुटल्याशिवाय हलत नाहीत. एवढीशी पोरं, पण रीत बरोबर ध्यानात ठेवतात.

आणि पुढचं ऐकून तुला आनंद होईल. पिशवीचा काटा करून त्यांनी बैलांची वजनं केली आणि चार बैल वेगळे काढून बाहेरूनच खिडकीखाली नेऊन ठेवले. पोळ्यात मानाचे बैल वेगळे असतात ना, तसे. ते बैल कुणाचे होते सांगू? लाल पट्टीवरच्या पोरांचे! म्हणजे पोरांनासुद्धा कळतं की त्या जागेला मान आहे. हे तुझ्या मॅडमना नक्की सांग.

आचल मात्र खेळली नाही. तिच्या बैलाला नावही नाही. तिने तो पालथा घातला आणि म्हणाली, ''आज बैल बोलत नाई.'' तुझा नियम, म्हणून मी सोडून दिलं. नाहीतर दोन मिनिटांत बोलता केला असता.

तान्ह्या पोळ्याला ये. सगळे बैल मिरवणार आहेत.

कौशल्यामावशी

*

अकोला, २६ ऑगस्ट

मावशी,

तान्ह्या पोळ्याला मी आले, पुरणपोळी खाल्ली, हसले आणि तुम्हाला काही न सांगता परत आले. तुम्ही पाहुण्यांत होता, सुपरवायझरबाई तुमचा सत्कार करत होत्या. त्या गर्दीत मला बोलायचं नव्हतं. आता बोलते. बसून वाचा.

मिरवणूक संपल्यावर मी अंगणवाडीच्या मागे आचलच्या शेजारी जमिनीवर बसले. तिला काही विचारलं नाही. माझा बैल तिच्या बैलाशेजारी पालथा घातला. मग तीच म्हणाली, ''तुह्या बैलाले बी लाल लागला काय?''

माझा बैल म्हणाला, ''लाल म्हंजे काय व?''

''लाल म्हंजे त्याची माय त्याले जेवाले देत नाई.''

खुशी तिथे आली आणि तिने आपला शेरू झटकन मागे ओढला. म्हणाली, ''त्याच्या संग नाई खेळाचं. आपलं बी वजन कमी होते.''

मी विचारलं, बैल दारातून आत का जात नाहीत? उत्तर हसनैनने दिलं. ''आत गेला का काट्याले टांगते. अन लाल निंगाला तं?''

मावशी, ते तोरण नव्हतं. आत गेलं की वजन होईल, वजन झालं की लाल निघेल आणि लाल निघाला की खिडकीखाली जावं लागेल, म्हणून बैल उंबऱ्यावर थांबले होते. आणि खिडकीखालचे बैल मानाचे नव्हते. वाळीत टाकलेले होते.

आयांनी प्रश्नावलीत लिहिलं आहे, 'वेळ मिळत नाही.' अख्ख्या गल्लीसमोर लाल पट्टी सांगते की ही बाई पोराला उपाशी ठेवते. मग ती दुसरं काय लिहील? पोरं कमी व्हायला लागली तो महिना बघा आणि लाल पट्टी अंथरली तो महिना बघा.

हे मी लिहिणार आहे. तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून आधी तुम्हाला सांगते आहे. तुमचा हेतू चांगला होता हेही लिहीन. पण पोरांनी जे दाखवलं ते झाकणार नाही.

फरजाना

*

दर्यापूर, २९ ऑगस्ट

फरजाना,

बेटी लिहीत नाही.

लाल पट्टीवर बसून शिवमचं वजन वाढलं, तो लालमधून बाहेर आला. ते दिसलं नाही तुला? पोरांच्या भातुकलीवरून तू माझ्या तोंडाला काळं फासायला निघालीस. तुला पहिलं अक्षर मी गिरवायला लावलं. आज त्याच अक्षराने माझंच नाव खराब करतेस. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

माझ्याकडून ज्या पोरांचं पोट भरतं, त्यांना मी वाळीत टाकते म्हणे. शहरात राहून हे शिकलीस?

बैल पाटीत भरून ठेवले आहेत. येऊन घेऊन जा.

कौशल्या

*

अकोला, ५ सप्टेंबर

मावशी,

तुम्ही बेटी लिहा, नका लिहू. मी मावशीच लिहिणार.

बैल मी नेणार नाही. ते माझे नाहीत आणि तुमचेही नाहीत. पोरांचे आहेत.

शिवमचं वजन वाढलं हे मी प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे. पण ते लाडवाने वाढलं, मावशी. पट्टीने नाही. लाडू आणि पट्टी या दोन गोष्टी आहेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

काल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, लाल पट्टीची शिफारस वरपर्यंत गेली आहे, आता हे बैलप्रकरण काढून टाक आणि आयांच्या उदासीनतेवर लिही. नाहीतर माझी सही मिळणार नाही. म्हणजे तुमचं आणि मॅडमचं एकमत झालं. इतकी वर्षं तुम्ही शिकलेल्या बायकांना नावं ठेवत होता, शेवटी त्यांच्याच ओळीत जाऊन बसलात. राग आला ना? येऊ द्या. मलाही आला आहे.

मी त्यांना सांगितलं, काढणार नाही. सही मिळाली नाही तर वर्ष जाईल. जाऊ दे. तीन-चार वर्षांच्या पोरांनी मला विश्वासाने एक गोष्ट दाखवली. मोठी माणसं नाराज होतील म्हणून मी ती दाबली, तर मग त्यांना बैल कशाला दिले होते? करमणुकीला?

तुमच्या पदराने माझं नाक पुसलंत ते मी विसरलेले नाही. पण त्या वेळी मला पदर खरखरीत लागायचा आणि सांगायची सोय नव्हती. आज सांगते.

फरजाना

*

दर्यापूर, २८ सप्टेंबर

फरजाना बेटी,

तीन आठवडे तुला लिहिलं नाही. आधी रागात होते, मग लिहायला तोंड नव्हतं. आता आहे.

बैल पाटीत कोंडले तर पोरांनी चपलांचे बैल केले. माझी चप्पल उंबऱ्याबाहेर उभी केली आणि तिला विचारलं, ''तू लाल हायेस का हिरवी?'' मी तिथेच उभी होते. पार्बताबाई हसली, मला हसू आलं नाही.

आचलचं येणं बंदच झालं होतं. मी तिच्या घरी गेले. तिची आई कापसाच्या शेतातून नुकतीच आली होती. तिने मला बस म्हटलं नाही. दर्यापुरात मला कुणी बस म्हटलं नाही असं कधी झालं नव्हतं. म्हणाली, ''बाई, गल्लीतल्या पोराईनं माह्या पोरीले लालडी म्हनलं, मी आयकून घेतलं. पन परवा बाहुलीले जेवू घालता घालता ते सोतालेच म्हने, मी लालडी हाये, मले नोको देऊ. ते कसं आयकून घेऊ? तुमीच सांगा.''

मी तशीच मागे फिरले. घरी आले आणि रडले. हो, रडले, लिहिते आहे तुला. मला मिळालेल्या एकुलत्या एका हाराखाली हे निघालं, म्हणून रडले. मग स्वतःवर चिडले. रडून काय होतं, काम करावं.

दुसऱ्या दिवशी पाटीतून बिननावाचा बैल काढला, पुन्हा आचलच्या घरी गेले. ओसरीवर जमिनीवर बसले (गुडघे अजून दुखताहेत) आणि तिला नाही, बैलाला विचारलं, ''काय रे, तुले कुठं बसाचं?''

आचलने तो हातात घेऊन सरळ उभा केला. मग बैल बोलला. ''मंदात.''

''कोनाच्या मंदात?''

''खुशीच्या अन हसनैनच्या.''

''अन लाडू?''

''लाडू पायजे.''

मला इतकं हसू आलं! तू लाडू आणि पट्टी दोन वेगळ्या गोष्टी म्हणून पानभर लिहिलंस, तिने दोन शब्दांत सांगितलं. आता सगळी पोरं एका ओळीत बसतात. वजन ज्याचं त्याचं, दार लोटून, आईला एकटीला सांगते. लाडू सगळ्यांना अर्धा आणि ज्यांना पूर्ण द्यायचा त्यांना उरलेला अर्धा जाताना खिशात. खुशीने विचारलं, ''त्याच्या खिशात काय हाये?'' मी म्हटलं, ''चंद्र.''

आता खरी गंमत. परवा सुपरवायझरबाई मोठ्या साहेबांना आणि कॅमेरावाल्याला घेऊन आल्या. तालुक्याला दाखवायला लाल पट्टीचा व्हिडिओ करायचा होता. आत आल्या, खिडकीखाली बघतात तर मोकळी जमीन.

''कौशल्याताई, लाल पट्टी कुठे आहे?''

''हे काय, बैलाईच्या पाठीवर!''

तुझी रुबीनाभाभी दोन दिवस मशीनवर बसली होती. पट्टी कापून एकेका बैलाची झूल शिवली. शेरूला लाल, बुलेटला लाल, ट्रॅक्टरला लाल. सगळ्यांनाच लाल, मग लाल कुणाला म्हणणार?

सुपरवायझरबाई पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, ''हे योजनेचं साहित्य आहे. तुम्हाला कापायचा अधिकार कुणी दिला?''

मी म्हटलं, ''कापड माह्या घरचं हाये. अकल बी माहीच होती, चुकली. दोनी मीच कापल्या.''

''आणि ते प्रशस्तिपत्र?''

''नेता काय? न्या. पन त्याच्यामांगं भितीले भोक हाये. ते बुजवून द्या.''

कॅमेरावाला हसला, साहेब हसले नाहीत. काल 'कारणे दाखवा' नोटीस आली. मी कारण लिहून दिलं आहे: पोरांनी सांगितलं. एवढंच.

आणि एक. तुझ्या प्रबंधात तू 'एका सेविकेने' असं लिहिशील, मला माहीत आहे. तसं लिहायचं नाही. हार घालताना नाव घेतलं होतं, चुकीच्या वेळीही घ्यायचं. कौशल्या खुशालराव वानखडे, दर्यापूर. पूर्ण लिही.

मावशी

*

अकोला, ३ ऑक्टोबर

मावशी,

तुमचं पत्र वसतिगृहाच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले. नोटिशीची काळजी करू नका असं म्हणणार नाही, मी करते आहे. पण तुमचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या खोलीतल्या अमरीनला उठवून अख्खं पत्र वाचून दाखवलं.

इकडची खबर. येत्या शुक्रवारी, दहा तारखेला, समितीसमोर मला सादरीकरण करायचं आहे. मॅडम म्हणतात, आयांच्या प्रश्नावलीवर बोल, पोरांचं शेवटी दोन मिनिटं. मी उलटं करणार आहे. आधी पोरं, मग वेळ उरला तर प्रश्नावली. मी असंही विचारलं होतं की पोरांना आणू का, त्यांनी शोधलं आहे, त्यांनीच दाखवावं. मॅडमनी साफ सांगितलं, सभागृहात लहान मुलांना प्रवेश नाही, गेटवर तशी सूचना दिली आहे.

सही मिळेल असं दिसत नाही. तरी बोलणार आहे. तुमच्या ओळीतल्या सगळ्यांना सलाम सांगा. एकटी उभी राहीन, पण तुमची झूल पाठीवर आहे असं समजेन.

फरजाना

*

दर्यापूर, ६ ऑक्टोबर

बेटी,

एकटी कशाला?

तुझं पत्र मी अंगणात पोरांना वाचून दाखवलं. शोध त्यांचा, तर खबरही त्यांनाच आधी. प्रवेश नाही म्हटल्यावर हसनैनने विचारलं, ''बैलाईले बी नाई काय?'' ते तुझ्या मॅडमनी सांगितलेलं नाही, म्हणजे बैलांना मनाई नसावी. आणि बैल एकटा कुठे जातो? त्याचा धनी लागतोच.

सगळ्यांना विचारलं. तुझाच नियम, 'नाही' म्हणेल त्याला न्यायचं नाही. शिवम नाही म्हणाला, त्याला उलटी होते. त्याचा ट्रॅक्टर खुशी आणणार आहे. बाकी सगळे येतात. त्यांच्या आयाही येतात. प्रश्नावलीत जे लिहिता आलं नाही ते तोंडाने सांगू म्हणतात. आचलची आई त्या दिवसाची मजुरी सोडून येते आहे. काल तिने मला बस म्हटलं, चहाही दिला.

आचलने बैलाचं नाव ठेवलं आहे. मी विचारलं तर म्हणते, ''इथं नाई सांगत. अकोल्याले सांगन.''

तनवीरने दोन जीपा सांगितल्या आहेत. शुक्रवारी सकाळी तुझ्या गेटवर पोचतो. आत सोडलं तर ठीक. नाही सोडलं तर ओळीने उभे राहू. त्या दिवशी मी जे चुकीचं वाचलं होतं, ते या वेळी खरं करून दाखवू. पोळ्यातला बैल तोरणाखालून माघारी फिरत नाही, हे तुझ्या मॅडमना आधीच कळवून ठेव.

तोरण तुटेपर्यंत आम्हाला घाई नाही. पार्बताबाई खिचडीचं पातेलं सोबत घेते आहे.

तुझी,
कौशल्यामावशी